अंजलीचा आवाज कटतो

३ फेब्रुवारी, सोमवार
आवाज कटतो म्हणं! एक दिवस कटल, दोन दिवस कटल. पंधरा दिवस झाले, अंजलीचा आवाज कटूनच राहिला. हट्टा काय परदेशात हाय? फाट्यावरून दोन गाड्या बदलल्या की पोरीचं सासर. फोन लागतो, घंटी वाजती, पोरगी उचलती. मी म्हणते, न्यायला कधी येऊ? की लगेच, आई, आवाज कटू लागला, ठिवते.
काल बांडी शेळी व्याल्याचं सांगितलं तर अर्धा घंटा साफ ऐकू गेलं. न्यायचं काढलं आन कटला. म्हणजे फोन तापला की कटतो. पुनमला सांगितलं तर खाली पाहून हसली. सून हाय, तिला यंत्रातलं काय कळतं.
पहिलं बाळंतपण माहेरातच करतात. सातव्यात आणायची. शिवरात्रीला सातवा सरतो. आठव्यात गरवार पोरीला शीव ओलांडू देत न्हाईत. तवर आली न्हाई तर सासरीच बाळंत होईल आन गाव म्हणल, गोजरबाईनं पोरगी आणली न्हाई.
ही वही बचत गटाच्या म्याडमनी दिली. मनातलं लिहा, राग शांत होतो म्हणल्या. मला राग येतच न्हाई. फुकट हाय म्हणून लिहिते. चौथी पास हाय, वाया काहून घालू.
उद्या फोनचा निकाल लावते.

४ फेब्रुवारी
वारंगा फाट्यावर प्रेमदासच्या मोबाईल दुकानात गेले. त्यानं माझा फोन हातात घेतला, रस्त्याच्या पल्याड जाऊन लावून पाह्यला. म्हणतो, मावशी, फोनात खराबी न्हाई. तुमचा आवाज तर मला बिनाफोनचाबी आला.
म्हणलं, मंग पोरीला काहून येत न्हाई? तो म्हणला, वाऱ्यानं होत असल, हेडसेट घ्या. बिनवायरचा. तोंडाजवळून आवाज घेतो, हात मोकळे.
तीन जातीचे दाखवले. एक डोक्यावरून घालायचा, बैलाच्या शिंगदोरासारखा. एक गळ्यात पट्टा. म्हणलं, पट्टा घालायला मी कुत्रं हाय का? तिसरी डबी, आत दोन बोंडं. सरपंचाची बाई तेच घालती. तेच घेतलं.
उद्या अंजलीची तारीख पक्की.

६ फेब्रुवारी, सकाळी
शेळीची धार काढता काढता बोलले. दोन्ही हात मोकळे. चमत्कार हाय. अंजली म्हणली, आई, किती साफ येतो गं आवाज, कानात बसल्यासारखा. मी म्हणलं, मंग येऊ न्यायला? तर म्हणती, आँ? आई? हॅलो? कटला.
बोंड नीट बसलं नसल. दाबून बसवायला गेले तर निसटून पेंडीत पडलं. बांडीनं पेंडीसंगं खाल्लं.
हे बाजूलाच बसले व्हते, उत्तमराव. (नाव घेऊ नये, पण वहीत चालतं.) म्हणतात, चला, आता शेळीला तरी ऐकू येईल. एवढं बोलून कानात पुन्हा कापूस घातला. ह्यांच्या कानाला बाराही महिने थंडी वाजती.

७ फेब्रुवारी
पुनमला लेंड्या चाळायला बसवली. न्हाई निघालं.

८ फेब्रुवारी
न्हाई निघालं. पुनम म्हणली, आत्याबाई, गेलं असल ते. म्हणलं, गेलं कुठं? पोटात गेलं ते येणारच. तुझ्या पोटात गेलेलं येतं का न्हाई?

९ फेब्रुवारी
न्हाई. पुनमचं लेकरू तिथंच लेंड्यात खेळून राहिलं. रडत तर न्हाई. लाडानं पोरं बिघडतात.
पुनमला कामाची सवय मीच लावली. तिच्या बाळंतपणात सातव्या दिवशी शेळ्याचं झाडायला उठवली. डिंकाचे लाडू कुलपात ठिवले, दिवसाआड अर्धा. जास्त दिला तर बाईचं अंग सुटतं. ताप आला तेबी नाटकच व्हतं, चार दिवसांत आपसूक गेलं. अंजलीचं तवा लग्न व्हायचं व्हतं, सगळं तिच्या डोळ्यापुढं झालं. आई घर कसं चालवती हे पोरीनं पाह्यलं. सासरी उपयोगाला येत असल.

११ फेब्रुवारी, मंगळवार
पुन्हा प्रेमदास. म्हणलं, बोंडं न्हाई टिकत. त्यानं विचारलं, पडलं का? म्हणलं, तुला काय करायचं.
गळ्यातला पट्टाच घेतला. आता नीट पाह्यलं तर पट्टा वाटत न्हाई, ठुशीसारखा दिसतो. पडत न्हाई, शेळी खात न्हाई. फोन आला की कानात टुं टुं वाजतं, पट्ट्यावरचं बटन दाबायचं, बोलायचं. कंबरेचा फोन काढायचीबी गरज न्हाई.
चेक करायला पुनमचा फोन नेला व्हता. माझा काहून देऊ? माझ्या फोनात माझं खासगी असतं. तिचं काय असतंय, येताना सगळं पाहून घेतलं. तिच्या आईचे फोटो आन लेकराचे. अंजलीचे फोन लय दिसले. नणंद-भावजयीचं गूळपीठ. माझ्यामुळंच दोघी जवळ आल्या.
प्रेमदास म्हणतो, मावशी, हे ज्या फोनला आधी जोडलं त्यालाच आधी धरतं. घरी गेल्यावर सूनबाईंच्या फोनातलं ब्लूटूथ बंद करा. ज्याला शेंबूड पुसायला मी शिकवलं तो पोरगा मला शिकवतो. मी काही बंद केलं न्हाई, माझ्याबी फोनला जोडून घेतलं.

१३ फेब्रुवारी
आज बहिणीशी बोलले, बचत गटाच्या म्याडमशी बोलले, पशुवैद्याशी बोलले. सगळ्याला साफ. पशुवैद्य म्हणला, बाई, जरा हळू बोला, कान दुखला.
अंजलीशी बोलले. कटला.
हट्ट्याचा टॉवरच खराब हाय.

१५ फेब्रुवारी
अंजलीचे डिंकाचे लाडू केले. खोबरं, खारीक, गोडंबी, घरचं तूप. पुनमनं वळले, मी मोजले. साठ. डब्यात भरून कुलूप. पुनमचं लेकरू डब्याला हात लावून उभं व्हतं. म्हणलं, हे आत्याचं. हाताची सवय आतापासून मोडलेली बरी.
अंजलीला मी अर्धा न्हाई, रोज अख्खा देणार. पोटची पोरगी हाय. सव्वा महिना खाटल्यावरून उतरू देणार न्हाई. शेक, धुरी, मालिश, सगळं. पुनम हायेच करायला.

१७ फेब्रुवारी, सोमवार
गल्लीत चंद्रभागाबाई गेल्या. मी गेले रडायला. हेल काढून रडायला माझ्यासारखी बाई पंचक्रोशीत न्हाई, लोक बोलवायला येतात. मयताच्या उशालाच जागा दिली. पदर डोक्यावरून घेतला, आत पट्टा व्हताच. बायकांचा आवाज चढला तसं मला वाटलं, अंजलीला आत्ता लावावं, पदराआड कुणाला कळत न्हाई.
तिनं उचलला. मी म्हणलं, काहून पडून राहिलीस गं? निघ ना आता! किती वाट पाहावी माणसानं? सगळे खोळंबलेत. गाडी दारात आणू का?
सगळ्या बायका गपगार. चंद्रभागाबाईची सून माझ्याकडं पाहू लागली, मंग मयताकडं. पाठीमागून कुणी पुटपुटली, मेल्यावरबी सोडत न्हाई ही बाई.
आन तेवढ्यात अंजली म्हणती, आई, आवाज कटला.
ह्या गावाला फोन कशाशी खातात ते माहीत न्हाई.

२० फेब्रुवारी
आज अंजलीची सासू फोनवर आली. सत्यशीलाबाई. माणूस गोड हाय, कामापुरती गोड. म्हणल्या, विहीणबाई, हळदीचं काम चालू हाय पण पोरीला आमी पाटबी उचलू देत न्हाई, डॉक्टरबी जवळ हाय, इथंच होऊ द्या बाळंतपण, आमाला जड न्हाई.
हे वरवरचं असतं. पहिलं बाळंतपण सासू काहून करल? मधलं मधलं ऐकू आलं नसल. पूर्ण वाक्य असं असणार, आमाला जड न्हाई पण तुमी न्या.
शनवारी पुन्हा लावते. मंगळवारी गाडी. बुधवारी शिवरात्र.

२२ फेब्रुवारी, शनवार. दुपार
लिहायचं नव्हतं.
गोठ्यात व्हते. फोन कंबरेला. पुनम पाण्याला गेली व्हती, तिचा फोन खिडकीत चार्जिंगला, गोठ्याच्या भिंतीलाच. कानात टुं टुं वाजलं. बटन दाबलं. अंजली.
मी तोंड उघडायच्या आतच बोलली. म्हणती, वहिनी, आई जवळ हाय का? असल तर नको बोलू. नुसतं ऐक.
मी खराटा खाली ठिवला.
म्हणती, चार दिवस काढ कसे तरी. बुधवारी शिवरात्र झाली की आठवा लागतो, मंग आईलाच तोंड राहत न्हाई. तिनं इचारलं तर तेच सांग, हट्ट्याला रेंज न्हाई. मग हसली. म्हणती, आवाजाचं काय गं वहिनी, मी मोबाईल खाटल्यावर ठिवून अंगणात हळद निवडते, तिथपस्तोर येतो. मोबाईल उशीखाली घातला तरी येतो.
मी उभीच. शेळीचं पिलू पदर चघळत व्हतं.
मग हसली न्हाई. म्हणती, तुझं बाळंतपण मी पाह्यलंय वहिनी. ताप भरलेला असून तू झाडत व्हतीस आन आई म्हणत व्हती, नाटक. त्या रात्रीच मी ठरवलं, मेले तरी ह्या घरात बाळंत व्हायची न्हाई. आन आईला सांगू नको, मी अर्धा लाडू चोरून तुला द्यायची ते. आतासुद्धा मोजून ठिवले असतील.
मग, ठिवते वहिनी, आली वाटतं ती, श्वासाचा आवाज येतोय.
साफ ऐकू आलं. एक अक्षर कटलं न्हाई.

संध्याकाळी
पुनम पाणी घेऊन आली. हंडा हिंदकळला म्हणून बोलले तेवढंच.

२३ फेब्रुवारी, ऐतवार
सकाळीच प्रेमदासकडं गेले. म्हणलं, तुझा हेडसेट खराब हाय. दुसऱ्याचं बोलणं येतं. त्यानं लावून पाह्यला. म्हणतो, मावशी, एकदम बराबर हाय, उलट असा साफ पीस नशिबानं मिळतो. म्हणलं, माझ्या पोरीचा आवाज चुकीचा येतो. तो म्हणतो, चुकीचा म्हणजे? मी पट्टा त्याच्या हातातून ओढून गळ्यात घातला. त्यानं चहा मागवला. मी घेतला न्हाई, दया दाखवायला मी त्याची कोण लागते.
वाटेत विचार केला. ते अंजलीचं बोलणं न्हाई. सासूनं बाजूला बसून वदवून घेतलं. गरवार पोरीचं डोकं ठिकाणावर नसतं. आन ताप नाटकच व्हता.
घरी येऊन डब्याचं कुलूप काढलं. लाडू मोजले. साठच्या साठ. पुनमला हाक मारली. आली, हात पुसत, दारातच उभी. म्हणलं, काही न्हाई, जा. कुलूप लावलं.
ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी पहिल्यांदाच कानातला कापूस काढला, पूर्ण ऐकलं. म्हणले, मंग तिचं काय चुकलं? आन कापूस पुन्हा घातला.
आता आपणच करायचं. माझ्या फोनवर तुझा आवाज कटतो अंजली, ठीक हाय. पुनमचा फोन मी काढून घेतला हाय. तो आता माझ्याजवळच राहणार. पुनम रडली. तिच्या आईचा दोनदा आला, मी कापला. हेडसेट ह्याच फोनला जोडलेला ठिवलाय, ह्याच्यावर तू साफ बोलतीस.
अंजली, ऐक. आवाज कटतो म्हणायचं न्हाई. वहिनी म्हणून बोलायचं असल तर वहिनी म्हण, मी नुसतं हूं म्हणीन. पण येतेस का न्हाई ते मंगळवारी दिवस मावळायच्या आत सांग. बुधवारी सांगून उपयोग न्हाई.
चार्जिंग भरून ठिवलंय. पट्टा गळ्यात हाय, दोन्ही बोंडं कानात. मंगळवारपस्तोर काढणार न्हाई.