बंद दारामागचे सिनियर

किचनर, २१ फेब्रुवारी २०१७

तीर्थरूप राजनकाका यांना सुरेखाचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आणि काकूंची साखर, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. (काकू फोनवर सगळं उत्तम म्हणतात, पण त्या नेहमीच उत्तम म्हणतात, म्हणून विचारते.) इथे आम्ही तिघे ठीक आहोत. संजयची कंपनी चालू आहे, श्रावणी नववीत गेली, आणि सांगलीच्या कोर्टात सोळा वर्षं उभी राहिलेली तुमची पुतणी चव्वेचाळिसाव्या वर्षी पुन्हा ज्युनिअर झाली आहे.

इथे परीक्षा पास झालं तरी सनद मिळत नाही. दहा महिने एका सिनियरच्या हाताखाली काम करायचं, त्याला आर्टिकलिंग म्हणतात. शेवटी सिनियरने सही करून द्यायची, की ही माझ्या देखरेखीखाली शिकली. सही नाही तर दहा महिने पाण्यात. सही मिळाली की पाटीवर ‘बॅरिस्टर’ लागतं. (इथे प्रत्येक वकील बॅरिस्टर असतो. त्यासाठी बोटीने जावं लागत नाही.) मी एकशे बारा अर्ज केले. उत्तर एकच आलं, तेही पोस्टाने. मि. ब्रूबाकर, मृत्युपत्रं आणि वारसांची कामं. ऑगस्टमध्ये भेटायला गेले. ऐंशीच्या पुढचे, उंच, हात हातात घेतला तर बर्फ. प्रश्न एकच विचारला, "तुम्हाला शांत बसता येतं का?" मी म्हटलं, येतं. (संजय यावर अजून हसतो.)

ऑफिस म्हणजे लाल विटांचं जुनं दुमजली घर. खाली डोरीन, तीस वर्षं तिथे असलेली सेक्रेटरी. वर मी, आणि समोर सरांच्या खोलीचं बंद दार. दाराबाहेर टेबल, त्यावर ट्रे. आता तुमच्याकडे घडलेली ज्युनिअर काय करणार? सिनियरचं दार बंद असलं तर वाजवायचं नाही, चौकशी करायची नाही, कागद बाहेर ठेवून निघायचं. मी तेच केलं. घरी जाताना मसुदा ट्रेमध्ये ठेवायचा, सकाळी तो पेन्सिलने तपासून तयार. बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर. ‘मयताला विशेषणं लावू नका.’ ‘हे वाक्य त्याच्या विधवेला मोठ्याने वाचून दाखवाल का?’ काका, इतकं मी याआधी फक्त तुमच्याकडे शिकले होते. दुपारी कधी आत खुर्ची करकरायची आणि मी उगाच ताठ बसायचे. दाराखालच्या फटीतून गार हवा यायची, म्हणून पायांवर शाल घ्यायचे. असे पाच महिने गेले.

मग अर्ध्या मुदतीचा फॉर्म आला. डोरीनला म्हटलं, सरांची सही लागेल. तिचं टायपिंग थांबलं. "अगं, ते सप्टेंबरपासून, तू रुजू झालीस त्याच आठवड्यापासून, ओकव्हिलला मुलीकडे आहेत. झटका आला. उजव्या हातात चमचासुद्धा धरवत नाही." मला कुणी बोललं कसं नाही? "तू कधी विचारलं नाहीस. मला वाटलं, तुमच्यात आजारपणावर बोलत नसतील." (दर गुरुवारी खाली येऊन अशिलांच्या कागदांवर सह्या करून जाणारे एक वकील होते. त्यांना मी पाहुणे समजत होते.) मग माझे मसुदे कोण तपासतं? "तूच ना? मी घरी सांगायचे, काय टापटिपीची बाई आहे, स्वतःच्याच चुका काढते."

मी वर जाऊन पहिल्यांदा ते दार उघडलं. सकाळचे अकरा, बाहेर बर्फाचा पांढरा उजेड. टेबलावर बोटभर धूळ, एकही ठसा नाही. खुर्ची खिडकीकडे तोंड करून. खिडकीच्या कट्ट्यावर दोन इंच उरलेली पेन्सिल, आणि शेजारी तासलेल्या लाकडाची साल. उचलून पाहिली तर ओल्या लाकडाचा वास येत होता.

घरी सांगितलं. श्रावणी म्हणाली, "आई, दॅट्स सो क्रीपी, जस्ट क्विट." संजय म्हणाला, आधी खात्री कर, अक्षर तुझंच तर नाही. (मी केली. नाही.) दुसऱ्या दिवशी ट्रेमध्ये चिठ्ठी ठेवली, आपण कोण? सकाळी खाली लिहिलं होतं, ‘प्रश्न मोघम आहे. कोणत्या तारखेला कोण?’ मग मी फॉर्मच ठेवला. तो चोख भरून आला, माझ्या दोन तारखा सुधारून. सहीची जागा मात्र कोरी, आणि समासात, ‘मला अधिकार नाही.’ भुताला (हा शब्द मी टाळत होते) असली चाड असेल असं मला वाटलं नव्हतं.

रविवारी संजयने ओकव्हिलला नेलं. सर तळ्याकडे तोंड करून बसले होते. मुलीने पेनचं टोपण काढलं, ते डाव्या हाताने सही करायला तयार. मी जे होतं ते सांगितलं. ते अर्ध्या ओठाने हसले. एकेक शब्द जुळवत म्हणाले, "पेन्सिलीला टोक अजून तसंच काढतो? मलाही त्यानेच शिकवलं. सही मात्र माझ्या वकील वडिलांची घ्यावी लागली." आणि पुन्हा हात पेनकडे. खोट्या तारखेच्या प्रतिज्ञापत्रावरून तुम्ही एकदा माझ्यापुढे फाइल आपटली होती, ती आठवली. मी सही न घेताच फॉर्म पर्समध्ये ठेवला. म्हणजे पाच महिने पाण्यात गेले. पुढच्या पाचांसाठी सिनियर नाही.

काकूंना नमस्कार. गुडघ्याला थंडी लागू देऊ नका.

तुमची,
सुरेखा

ता. क. इथे एक सूट आहे. परदेशात वकिली केली असेल तर आर्टिकलिंग माफ होऊ शकतं. ज्यांच्या हाताखाली काम केलं त्यांचं पत्र लागतं. म्हणजे तुमचं. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तुमच्याकडे मागायला नको, म्हणून एकशे बारा अनोळखी माणसांना अर्ज केले. आमचं कॅनडाचं ठरलं ते सगळ्या बाररूमला कळलं आणि तुम्हाला सर्वांत शेवटी, तेही काकूंकडून. त्यानंतर तुम्ही माझ्याशी बोललेला नाहीत. पत्र द्याल का?

आणखी एक. हे पत्र काल ट्रेमध्ये ठेवलं होतं. मराठीत आहे म्हणून निर्धास्त होते. सकाळी बघते तर सगळी पानं उभ्या रेघेने खोडलेली, फक्त वरचा ता. क. ठेवलेला. त्याच्याखाली त्याच झुकलेल्या अक्षरात, देवनागरीत, ‘माफी राहिली आहे.’ खोडलेलं तसंच पाठवते, वाचता येईल. राहिलेलं पेनने लिहिते. काका, तुम्हाला सगळ्यांच्या आधी सांगायला हवं होतं. मला तुमची भीती वाटली. चुकलं माझं.