घरचा आक्षेप

३ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. पाकिटावर तू पुन्हा 'सौ.' लिहिलंस. तीन वर्षांपूर्वी घटस्फोट झाला तेव्हापासून सांगतेय, लिहू नकोस. पण गेल्या महिन्यात कोर्टात गेले तेव्हा कळलं, तुझंच बरोबर आहे. घटस्फोट तिकडच्या कोर्टाने दिला, तो तिकडे. इथलं कोर्ट तो मान्य करेपर्यंत मी इथे त्याचीच बायको. म्हणजे विमानात चढले तेव्हा मोकळी होते आणि उतरले ती लग्न झालेली. अशात मी लिफ्टच्या मेकॅनिकशी लग्न केलं तर तो गुन्हा, हे खिडकीतल्या बाईंनी मला नखं कापता कापता सांगितलं.

तर मान्यतेचा अर्ज केलाय. प्राध्यापकसाहेबांचं म्हणणं मागवलं होतं, त्यांनी एका ओळीत 'हरकत नाही' असं कळवलं. इतक्या वर्षांच्या संसारानंतर आमचं पहिल्यांदाच एकमत झालं. आता फक्त पेपरात नोटीस येईल, कुणाचा आक्षेप असेल तर कळवा म्हणून. कुणाचा असणार? मेकॅनिकला मे महिन्यात नव्या हॉस्पिटलात रुजू व्हायचंय आणि तिथलं घर जोडप्यालाच मिळतं. त्याआधी लग्न व्हायला हवं.

कळावे. लोभ भरपूर असावा, सल्ले बेताचे.

तुझी,
थोरली

११ फेब्रुवारी

चि. सौ. थोरलीस,
अनेक आशीर्वाद.

कोर्टालाही 'सौ.' पटतं हे वाचून बरं वाटलं. शिकलेली माणसं असतात तिथे.

नोटीस द्यायचीच असेल तर कुणी वाचत नाही अशा पेपरात द्यायला सांग. तसले पुष्कळ निघतात. इथे लोकांना तोंड मला दाखवायचंय. जावई संशोधनात बुडालेत, रजा मिळत नाही, असं सांगून मी तीन वर्षं निभावून नेली. पुतण्याच्या लग्नात भिंतीवरचं घड्याळ तुम्हा दोघांच्या नावाने दिलं. तुझी आत्या तर जावयांचं जाता-येता कौतुक करते. आता एकदम काय सांगू, की आमचे जावई लोकांना वर-खाली करतात? ग्रीसने माखलेला माणूस बसवायचा कुठे? सोफ्याची कव्हरं मी कालच धुतली.

केस गळतात म्हणाली होतीस, तेल लावत जा. राग येईलच, पण पत्र टाकायचं थांबवू नये.

तुझी,
आई

२ मार्च

चि. सौ. थोरलीस,
अनेक शुभाशीर्वाद.

मी जन्मभर मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होते. बापाची खोटी सही मला दुरून ओळखू येते. पेपरातली नोटीस वाचली तेव्हाच ओळखलं, कुणी भामटा तुझ्या नावाने बनावट कागद घेऊन उभा राहिलाय. शिक्के काय, कोपऱ्यावरच्या दुकानातही बनवून मिळतात. त्याच दिवशी कोर्टात लेखी आक्षेप नोंदवला. सोबत तुम्ही दोघांनी भाच्याच्या लग्नात दिलेल्या घड्याळाचा फोटो जोडला, आणि माझ्या वाढदिवसाला जावयांनी तुझ्या आईमार्फत दिलेलं कार्डसुद्धा. 'आत्याबाई, गुडघ्याला जपा, जिना सावकाश उतरा.' किती माया! असा माणूस बायकोला सोडेल? न्यायाधीशांना डोळे असतील तर दिसेलच.

तू घाबरू नकोस, मी खमकी आहे. उत्तर सवडीने दे, पण कशावरही सही करू नकोस.

तुझी,
आत्या

१९ मार्च

आईस नमस्कार.

आज कोर्टात माझ्याविरुद्ध कोण उभं राहावं? आत्या! न्यायाधीशांनी ते कार्ड मोठ्याने वाचलं आणि मला विचारलं, इतकं मायेचं नातं असताना घटस्फोट कशाचा? वेलांट्या तुझ्या आहेत, आई. मला आत्या आहे हेच त्या माणसाला आठवत नसेल, तिचा गुडघा कुठला? मला न्यूमोनिया झाला होता तेव्हा तो पाहुण्यांना माझ्या खोकल्याची नक्कल करून दाखवायचा. त्याच्या नावाने तू सुवाच्य अक्षरात प्रेम वाटत बसलीस. शरम वाटते मला.

आत्याला मी सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, रुसलेली बायको काहीही बोलते, पण माझी भावजय खोटी कार्डं लिहिणं शक्य नाही. बघ, काय नाव कमावलंयस. तेव्हा आता तूच तिला कळव. तिने आक्षेप मागे घेतला नाही तर पुढची तारीख थेट जुलैची, आणि घर गेलं. मेकॅनिक म्हणतो, म्हाताऱ्या माणसाला कशाला छळायचं, मी थांबेन, दुसरी नोकरी बघू. तो थांबेल. मी तुला माफ करणार नाही. तीन वर्षं त्या माणसाशी संसार तू केलास, आता तूच सोड त्याला.

लोभाचं तू लिहिल्यावर बघू.

थोरली

२४ मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

बसून वाचा. घड्याळ मी घेतलं होतं. कार्डं मी लिहिली, सगळीच्या सगळी. थोरलीचे कागद खरे आहेत, घटस्फोट होऊन तीन वर्षं झाली. खोटी सही दुरून ओळखते म्हणून तुम्ही आम्हाला आयुष्यभर ऐकवलंत. माझी खोटी सही तुम्ही शोकेसमध्ये लावून ठेवली होती. हसायचं तर हसा, मीही पुष्कळ हसले तुम्हाला.

तुमचे ते कौतुकाचे प्राध्यापक! मी फोन केला तर एक शब्द न बोलता रिसीव्हर बाजूला ठेवायचे आणि थोरलीला ओरडून सांगायचे, तुझी कटकट आहे. असल्या माणसाच्या जिवावर मी चारचौघांत मान ताठ करून हिंडले. लिफ्टवाले मला अजून पसंत नाहीत, ते वेगळं. पण म्हाताऱ्या माणसाला छळू नका म्हणाले. तेवढं तरी त्यांना सुचलं.

कार्डातले जावई मात्र चांगले होते, वन्सं. तुमचा गुडघा त्यांच्या ध्यानात असायचा, माझा चष्मा बदलला की लगेच विचारायचे. मला हवा तसा जावई मी घडवला आणि मजेत राहिले. खरा जो होता तो माझ्या लेकीच्या वाट्याला आला, आणि तिने तो एकटीने सोसला.

हे पत्र कोर्टात दाखवा, वाटलं तर गल्लीतही दाखवा. लोभ आटला तरी माझी तक्रार नाही. आक्षेप तेवढा मागे घ्यावा, ही विनंती.

आपली,
भावजय