आगवाला, एक

हा मृत्युपत्राचा कागद लिहायला फार उशीर झाला, याची आधी माफी मागतो. दर वर्षी लिहायचा ठरवी आणि दर वर्षी वाटे, लिहिला की मरेन. आता वय अठ्ठ्याहत्तर. डोके ठिकाणावर आहे. अक्षर वाकडे आहे ते थंडीने. कोणी धाकदपटशा केलेला नाही. माझ्यावर तो चालतही नाही, घरात विचारा. शिक्षण चौथीपर्यंत, चुका पदरात घ्याव्यात.

एक. राहते घर आणि पोस्टातली शिल्लक मुलाला. कपाटाची किल्ली मात्र सुनेच्या हाती द्यावी. तो किल्ल्या हरवतो.

दोन. करवती, पटाशा, रंधे माझ्या खुर्च्यांच्या कारखान्यातल्या दोन्ही सुतारांनी वाटून घ्यावेत. मोठा रंधा मोठ्याला. पाती पुसूनच ठेवावीत, मी बघत नसलो तरी.

तीन. कारखान्याचे वाफेचे इंजिन. मुलगा म्हणतो, "बाबा, विजेची मोटर घेऊ. हे धूड भंगारात देऊन टाका." भंगारवाला दोनदा येऊन बॉयलरवर टिचक्या मारून गेला. तिसऱ्यांदा आला तर माझी काठी दाराशीच आहे. इंजिन मुलाला मिळणार नाही.

चार. कारखान्यात निम्मा वाटा माझ्या धाकट्या भावाचा. सव्वीस वर्षांपूर्वी त्याने गॅसचे इंजिन घ्यायचे काढले. आठ दिवस माझा कोळसा तोलला, आठ दिवस उसन्या गॅस इंजिनाचे मीटर वाचले. जळणाचा खर्च जवळपास सारखाच आला. मग वाफेच्या बाजूला त्याने एक ओळ वाढवली: "आगवाला, एक. पगार." तो आगवाला मी. सगळ्यांआधी दीड तास येऊन भट्टी पेटवणारा. मालक असून एक पैसा पगार न घेतलेला.

"दादा, गॅसच्या इंजिनाला असा माणूस लागत नाही. चावी फिरवली की खर्च बंद."

"आणि मला कुठल्या चावीने बंद करणार?"

तो हसला. मी त्याला दाराबाहेर काढले. त्याने दुसरीकडे गॅसवर कारखाना काढला आणि तो चाललाही.

हिशेब बरोबर होता. भट्टीशी बसायचा वेळ वाचता तर मी रोज एक खुर्ची जास्त केली असती. बरोबर होता म्हणून तर राग आला. पण त्याच भट्टीच्या उबेवर फळ्या वाळत, लाकूड चिकटवायचा सरस पातळ राही. ते त्याने हिशेबात कुठे धरले? हे मी आजही विचारतो. आता त्याचे गॅस इंजिनही अडगळीत पडले म्हणे. मला आनंद झाला नाही. थोडा झाला.

पाच. माझा निम्मा वाटा आणि इंजिन धाकट्याला देतो. अट एकच: वर्षातून एक दिवस त्याने स्वतः, बाह्या सारून, भट्टी पेटवावी. त्या दिवशी आगवाला तो. मी जिवंत असताना त्याचा लेखी होकार आला नाही तर हेही मुलाकडे जाईल, आणि मुलगा काय करील ते वर लिहिलेच आहे.

हे सर्व मोठ्याने वाचून, शेजारचा शिंपी आणि दवाखान्यातला कंपाउंडर या दोन साक्षीदारांसमोर सही केली. त्यांच्या सह्या शेजारी आहेत.

कारखान्याची मागची खोली. मंगळवार, ९ नोव्हेंबर १९२६.

धाकट्या, ही नक्कल तुझ्यासाठी. बॉयलरमध्ये पाणी भरले आहे. पातळी दाखवणारी काच दोनदा पुसली. कोळसा तोलून ठेवला आहे. विश्वास नसेल तर पुन्हा तोल. पाणी फार दिवस राहिले तर गंज धरेल. येतोस की नाही, लवकर कळव.