चौथ्या कोपऱ्यातली भाकरी

रविवार, ४ जानेवारी

आधी दुरुस्ती. २९ डिसेंबरला मी इथं लिहिलं आहे की मॅडमनी माझ्या खोलीवरून वाकळ 'उचलून नेली'. चूक. त्यांनी उचलली नाही. मीच घडी घातली, पिशवीत भरली, जिना उतरून त्यांच्या गाडीत नेऊन ठेवली. त्यांनी फक्त विचारलं होतं — "काय सुंदर आहे गं! कुणी शिवली?"

मी म्हटलं, "माहीत नाही. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई येते ना, तिच्याकडून घेतली. आवडली तर न्या."

वाकळ माझ्या आत्तीनं शिवली आहे. बाबांच्या बहिणीनं, तानीबाईनं. निपाणीत, तंबाखूच्या वखारीतून आल्यावर, दारात बसून. जन्मल्यापासून मी तीच पांघरते.

हे २९ ला लिहिलं नाही. वहीतसुद्धा खोटं! ही वही वाचणार कोण आहे?

का बोलले, तेही लिहिते. मॅडम लगेच निपाणीला गाडी काढतील, आत्तीला पत्र्याच्या घरासमोर बसवतील, हातात सुई देऊन फोटो काढतील — असं वाटलं. हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं: लाज वाटली.

मंगळवार, ६ जानेवारी

'स्टुडिओ' म्हणे! टिळकवाडीतल्या बंगल्याचं गॅरेज. एका भिंतीला पांढरा रंग, एका भिंतीला मुद्दाम खरवडलेला. गंजकी चाळण उलटी टांगली, आत बल्ब सोडला की ती चाळण राहत नाही. तंबाखूच्या जुन्या डब्यात कोरफड लावली की तो डबा राहत नाही. फाटक्या इरकल लुगड्याची पिशवी, खणाच्या चोळ्यांचं तोरण. आमच्या घरी या सगळ्याला अडगळ म्हणतात आणि बाहेर कुणाला दिसू देत नाहीत.

माझं काम — प्रत्येक वस्तूला कार्ड लिहायचं. घरातली मी पहिली शिकलेली. बी. ए. मराठी. शिकून काय करते? चाळणीला 'वारसा' म्हणते.

अनुराधा मॅडम म्हणतात, "मॅडम नको म्हणूस गं. आक्का म्हण." आणि चहा झाला की कप माझ्याकडे सरकवतात. मी मॅडमच म्हणते.

वाकळीचं कार्ड आज लिहिलं. 'शिवणारी — अज्ञात.' अक्षर फार छान आलं.

गुरुवार, ८ जानेवारी

नागेंद्र मास्तर आमचे शिंपी. वाकळीचा एक कोपरा सुटत होता म्हणून त्यांनी तो उसवला, आणि ओरडले — "अय्यय्यो! मॅडम, बघा की इकडं. आत काय तरी हाय."

भाकरीचा तुकडा. काळपट, दगडासारखा.

मॅडमचे डोळे असे चमकले, जणू सोनं सापडलं. "रचना, तुमच्याकडं असं काही असतं का गं?"

तुमच्याकडं!

"नाही मॅडम."

नागेंद्र मास्तर म्हणाले, "आमची अव्वा घालायची की, कौदीत, तुमच्या वाकळीत. भाकरी घालतात. येवढंच ठावं."

मला सगळं ठाऊक आहे. वाकळीचे तीन कोपरे शिवून झाले की चौथ्यात भाकरीचा तुकडा घालायचा आणि मग शेवटचा टाका. वाकळ उपाशी राहू नये, पांघरणाराही राहू नये. पण तुकडा ताजा चालत नाही. आत्ती बिनमिठाची भाकरी करते, पंधरा दिवस पत्र्यावर वाळवते, फरशीवर आपटून बघते. खणखण वाजली तरच आत.

मी कार्ड नीट लावत उभी राहिले. मास्तरांनी तुकडा बशीत काढला. मॅडमनी बशीचा फोटो काढला. कोपरा रिकामाच शिवला गेला.

रविवार, ११ जानेवारी

खडेबाजारात जाऊन तीळ, राळे, पावटा आणला. भोगीला कार्यशाळा आहे — 'पोट भरलेली उशी'! जेवणासह! नाव मॅडमनी स्वतः काढलं आणि स्वतःच टाळी वाजवली.

मंगळवार, १३ जानेवारी, भोगी

चौदा बायका आल्या. सगळ्यांच्या अंगावर हातमागाच्या साड्या, सगळ्यांच्या कानांत ऑक्सिडाइज्ड. बाजरीच्या भाकऱ्या मी थापल्या, तीळ लावून. त्यांनी मी थापतानाचे व्हिडिओ काढले; माझं डोकं कुठल्याच व्हिडिओत आलं नसावं, सगळ्यांचे फोन परातीवर. भोगीची भाजी चांगली झाली — वांगी, पावटा, ओला हरभरा, गाजर, तिळाचं कूट. एकीनं तिखट लागतं म्हणून दही मागितलं. राळ्याचा भात बघून दुसरी म्हणाली, "हे मिलेट ना?" तिसरी म्हणाली, "हो, फार हलकं असतं." आणि तीन वेळा घेतला.

मग उशा. जुन्या लुगड्यांचे अभ्रे, चौथ्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा. तव्यावरून नुकती उतरलेली भाकरी! एकीनं तर भाजीबरोबरची, लोणी लावलेली घातली. डोळे मिटून घातली.

मला माहीत होतं काय होणार. सांगायला तोंड उघडलं. पण मग प्रश्न आला असता — तुला कसं ठाऊक? मिटलं.

शेवटी मॅडमनी मला वाकळीपुढं उभं केलं, फोन समोर धरला. "दोन वाक्यं बोल, लगेच सगळीकडं टाकते." मी शुद्ध बोलले. फार शुद्ध. "ही वाकळ शिवणारी स्त्री कोण, हे आज कुणालाच ठाऊक नाही. बहुधा ती हयातही नसावी."

'बहुधा' म्हटलं म्हणजे खोटं होत नाही, असं वाटलं मला!

बुधवार, १४ जानेवारी

तिळगूळ घ्या, गोड बोला. कुणाशीच बोलले नाही.

शुक्रवार, १६ जानेवारी

मुंग्या.

पहिला फोन सकाळी सातला. दुपारपर्यंत नऊ उशा परत आल्या. एकीला बुरशी, एकीचा कोपरा उंदरानं कुरतडलेला. लोणीवालीच्या नवऱ्याच्या मानेला मुंग्या डसल्या, तो डॉक्टर आहे, तोच फोनवर ओरडत होता. गॅरेजात कुबट वास. मला आतून हसू येत होतं. चांगली खोड मोडली, असं वाटत होतं.

मग मॅडम पायरीवर बसल्या. एकेक कोपरा स्वतः उसवायला लागल्या, मला सांगितलं नाही. म्हणाल्या, "कुणीतरी सांगायला हवं होतं. तुला माहीत होतं का गं काही?"

"नाही मॅडम."

हे चौथं खोटं. मोजते आहे.

शनिवार, १७ जानेवारी

आत्तीचा फोन.

"व्हय गं रचना, मी मेलो म्हणं."

मी दार लोटून घेतलं.

"विहारात समद्या बायकांनी बघितलं तुझं ते फोनातलं. मला इचारत्यात, तानीबाई, तू हाईस का न्हाईस? म्हटलं, येवढी शिकलेली पोरगी सांगत्या म्हंजे न्हाईच असणार. मग माझं, मेलेलीचं, पुण्यानुमोदन कधी ठेवतीस? मला बी बोलीव. खीर खायला येतो."

आणि हसली. तिचं ते तंबाखूच्या धुळीनं बसलेलं हसू. मी म्हटलं, "आत्ती, चुकलं माझं."

"त्यात काय चुकलं? तू हास्टेलात व्हतीस, तवा मी डबा घिऊन आलतो बघ. तुझ्या मैत्रिणीनं इचारलं, तुमी कोण? म्हटलं, मी त्यांच्या घरी कामाला असतो. तुला सांगितलं न्हाई. तुझी लाज मीच शिकीवलेली हाय म्हण की. — काय खाल्लंस भोगीला?"

मी भाजी सांगितली. ती म्हणाली, "गाजर ज्यादा घातलंस असशील."

सोमवार, १९ जानेवारी

पद्मावतीबाई आल्या. निपाणीच्या तंबाखूच्या व्यापाऱ्यांच्या घरातल्या, आता इथं मुलाकडं असतात. आत्ती ज्या वखारीत होती, ती यांचीच. मला ओळखत नाहीत. मी ओळखते.

वाकळीपुढं थबकल्या. "अगं बाई! हे माझं इरकल. पोपटी, लाल काठाचं. हे बघा, इथं समईनं पोळलंय. ही आमच्या घरातली वाकळ!"

मॅडम उडाल्याच. "कुणी शिवलेली, आठवतं?"

"असेल कुणीतरी वखारीतली बाई. किती जणी होत्या तेव्हा! नावं कोण लक्षात ठेवतंय?"

मी त्यांच्यापुढं चहा ठेवला.

दिवाळीला हे लोक जुनी लुगडी वाटायचे, हे मला ठाऊक आहे. वाटलेलं लुगडं परत मागायचं! त्यावरची हजारो टाक्यांची शिवण फुकट धरायची! अंगावर दोन तोळ्यांच्या पाटल्या आणि नजर वाकळीवर! मॅडमनी तिथल्या तिथं ठरवलं — रविवारी, २५ ला, छोटा समारंभ. वाकळ 'मूळ घराण्याला' परत. शाल, नारळ. नवं कार्ड मी लिहायचं. निवेदनही मीच करायचं.

बुधवार, २१ जानेवारी

निवेदन लिहून झालं. दोन. एक मॅडमना वाचून दाखवलं. दुसरं माझ्या पर्समध्ये आहे. त्यात आत्तीचं पूर्ण नाव आहे, माझी चार खोटी बोलणी आहेत, आणि शेवटी पद्मावतीबाईंना एक प्रश्न — आपण कधी सुई हातात धरली आहे का? शाल अंगावर पडली की लगेच विचारायचा. आरशासमोर चार वेळा म्हणून बघितला. प्रत्येक वेळी बरं वाटलं.

आत्तीला त्या वेळी तिथं बसवणार. पहिल्या रांगेत.

गुरुवार, २२ जानेवारी

आत्तीला फोन केला, रविवारी सकाळच्या गाडीनं ये म्हटलं. सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "पद्माक्का खरं बोलत्या."

"लुगडं तिचं असेल गं, पण वाकळ—"

"वाकळ बी तिचीच. लुगडी वाटलेली न्हवती. शिवायला दिलती. शिवून झाली आन् त्याच दिशी तू झालीस. कडाक्याची थंडी. घरात दुसरं काय न्हवतं, तुला त्यातच गुंडाळली. मग कुठल्या तोंडानं न्हिऊन देऊ? आन् आमचं लेकरू निजलेली वाकळ तिच्या सासूनं घरात घेतली असती व्हय? तिनं मागितली न्हाई. मी दिली न्हाई."

दुसरं निवेदन फाडलं. मग पहिलंही.

ठरलं — परवा, शनिवारी, समारंभाच्या आदल्या दिवशी, सकाळी दहा वाजता आम्ही दोघी पद्मावतीबाईंच्या घरी जाणार. आत्ती म्हणते, "मी बोलतो, तू नुस्ती बाजूला उभी ऱ्हा." नाही. आधी मी बोलणार.