न फोडलेल्या गोळ्या

शालू,

‘प्रिय’ लिहिणार न्हाई. डोकं फिरलंय माझं.

कॉलेज सोडून मी रोलिंग मिलमध्ये लागलो, तेव्हापासून फार्मसी शिकणारी तू दर महिन्याला व्हिटॅमिनच्या गोळ्या आणून द्यायचीस. “कामावर जायच्या आधी घे. पक्कं न्हाई, पण मिलच्या खडखडाटातून कान वाचू शकतात. आणि कानात बोळे घाल, शहाण्या!” बोळे घातले की मिलमधली पोरं हसायची. अन् गोळ्या तुझ्या हातच्या, म्हणून एकही पट्टी फोडली न्हाई. डब्यात जपून ठेवल्या.

परवा तू गेटवर आल्तीस. पोरं म्हणाली, माझ्या उजव्या बाजूला उभं राहून काहीतरी बोललीस; मी वळलो तवा तू रडत निघून चालली होतीस. काल डॉक्टरांनी तपासून सांगितलं, उजवा कान गेलाय. तुला वाटलं, मी मुद्दाम गप्प राह्यलो! खांदा धरून हलवायला काय झाल्तं तुला? आता फोनपण उचलत न्हाईस.

एकदा ये. डाव्या बाजूला उभी राहा. शिव्या दे, पण काय बोलली होतीस ते सांग.

हे पत्र उद्या टपालात टाकीन. तोवर तुझ्या गोळ्यांच्या डब्यात ठेवतो.

तुझाच बिनडोक,
गजू