मुठीतलं नाव

बाळीवेस, सोलापूर
२२ सप्टेंबर १९७४

ती. रावजीदादांस वीरभद्रप्पाचा साष्टांग नमस्कार. मुक्तावहिनींनाही नमस्कार. चि. विजयमाला, सासऱ्यांना पत्र तूच वाचून दाखवणार. मागच्या खेपेला माझ्या गुडघ्याचं रडगाणं तू गाळलंस असं कानावर आलंय. गाळत जाऊ नकोस गं. दादांच्या डोळ्यांनी दगा दिल्यापासून आमची भेट ती एवढीच.

सिद्धरामेश्वराच्या कृपेने इकडे ठीक आहे. दाक्षायणीचा खोकला थांबला. कारखान्यात दिवाळीच्या चादरींची घाई आहे, आणि नवा मॅनेजर म्हणतो नक्षीत मोर नको, गुलाब काढा. तीस वर्षं आलेखाच्या कागदावर चौकोन भरतोय मी, मला गुलाब शिकवतो! असो.

तुमचं कार्ड मिळालं. दोनदा वाचलं. आठ वर्षांपूर्वी आमच्या कारखान्यात मशीन बसवायला आलेला तो जपानी इंजिनियर एवढा चिकट निघेल असं वाटलं नव्हतं. माझ्याकडे त्याने तुमची तलवार पाहिली, मूठ काढून आतल्या पोलादावर कोरलेलं नाव वहीत उतरवून घेतलं, चहा प्यायला आणि गेला. मी विसरूनही गेलो. आणि आता त्याने ज्या जपानी अधिकाऱ्याची ती तलवार त्याचं घर शोधून काढलं म्हणता! तो अधिकारी वारला, पण बायको आहे, ऐंशीची, आणि मुलगा खंडेनवमीला तुमच्या दारात येतोय. नवल आहे.

"आप्पा, ज्येची त्येला दिऊन टाकतो, म्हंजी मी मोकळा," असं तुम्ही लिहवून घेतलंत. वाचून बरं वाटलं. ब्रह्मदेशात शरण येताना त्या माणसाने दोन्ही हातांवर आडवी धरून तलवार खाली ठेवली, तिला वाकून नमस्कार केला आणि तुमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, हे तुम्ही मला किती वेळा सांगितलंय!

तलवार ठीक आहे. तेल दिलेलं आहे. मला जरा मुंबईला जाऊन यायचंय, चष्म्याचं काम आहे. आल्यावर सविस्तर लिहितो.

आपला मानलेला धाकटा भाऊ,
वीरभद्रप्पा


सोलापूर
८ ऑक्टोबर १९७४

ती. रावजीदादांस साष्टांग नमस्कार.

मुंबईहून परवा आलो. चष्मा झाला नाही. मुंबईत कुणाला कुणाशी बोलायला वेळ नाही, दुकानाच्या पायरीवर दोन दिवस बसवून ठेवतात आणि तिसऱ्या दिवशी हसतात. जाऊ दे.

दादा, एक सुचवतो, रागावू नका. त्या पाहुण्याला पुढच्या वर्षी बोलावलं तर? एवढी कसली घाई? अहो, त्याच्या बापाच्या लोकांनी तुमच्या खांद्यात गोळी घातली, अजून थंडीत हात वर जात नाही तुमचा. आणि आता त्यांच्यासाठी अंगण सारवायचं?

दुसरं म्हणजे, तलवारीच्या मुठीत पाणी गेलंय. आतलं पोलाद गंजलंय. नाव आता वाचता येईल असं वाटत नाही. पाहुण्याने विचारलंच तर आपण म्हणायचं, गंजाने खाल्लं. जुनी वस्तू, त्यात कुणाचा काय दोष? तुम्ही शब्द दिलात की तो मान्य करील. तुमच्या शब्दाला तेवढं वजन आहेच.

वहिनींनी तलवारीसाठी खणाचं नवं आच्छादन शिवलंय असं विजयमालेने लिहिलंय. कशाला एवढा खटाटोप? मला असलं काही कळवत जाऊ नका. कामाच्या गडबडीत चीडचीड होते नुसती.

दाक्षायणी नमस्कार सांगते. खरं म्हणजे सांगत नाही, मी आल्यापासून बोललेली नाही माझ्याशी.

आपला,
वीरभद्रप्पा


सोलापूर
१९ ऑक्टोबर १९७४

रावजीदादा,

विजयमाला, पोरी, हे पत्र मोठ्याने वाच. वहिनींना चुलीपासून उठवून जवळ बसव. एक ओळसुद्धा गाळू नकोस, तुला शपथ आहे.

दादा, तुमची तलवार माझ्याकडे नाही. पाच वर्षं झाली.

ती तुमच्या घरातून मी कशी नेली ते आठवतं का? देवघरात तेल-कुंकवाने माखलेली होती. मी शहाणा! मी वहिनींना म्हणालो, तुम्ही अशाने हिचं वाटोळं कराल, ही माझ्याकडे द्या, मी जपतो, दर नवमीला पूजेला आणून देईन. तुम्ही म्हणालात, "आप्पाला कळतंय त्यातलं, नेऊ द्या." बाकी साऱ्या तलवारी मी चादरींची जोडी देऊन घेतल्या, करमाळ्याकडच्या, माणदेशातल्या, लढाईवरून आलेल्या शिपायांच्या घरच्या. तुमची मात्र विश्वासावर घेतली. कुंकवाने तिचं काही वाकडं झालं नव्हतं, दादा. मूठ कुणी काढलीच नव्हती, आतलं नाव जसंच्या तसं होतं. वाटोळं माझ्या घरी झालं.

मुंबईहून एक व्यापारी आला. त्याच्याकडे जपानी चित्रं होती. लाकडावर कोरून कागदावर छापतात, एकेका रंगाचा वेगळा ठसा. मी नक्षीवाला माणूस, रंग बदलला की मागावरचा धोटा बदलतो हे माझ्या हाडात भिनलेलं. त्या ठशांनी मला वेड लावलं. त्यातलं एक चित्र बर्फाचं होतं. एक म्हातारा होडी ओढतोय, आणि सगळीकडे बर्फ. आणि तो बर्फ रंगाने काढलेलाच नाही! जिथे बर्फ, तिथे कागद कोरा सोडलाय. मला घाम फुटला बघताना.

त्याने माझ्या अकराही तलवारी पाहिल्या आणि तुमची उचलली. "हिच्यावर देतो." मी म्हणालो, ही माझी नाही. "मग राहू द्या," म्हणाला आणि चित्र गुंडाळायला लागला. दादा, ते चित्र गुंडाळलं जाताना माझ्याने बघवेना. एवढंच झालं. दाक्षायणी चहा घेऊन आली तेव्हा सौदा झाला होता. ती म्हणाली, "ती रावजी हवालदारांची ना?" मी म्हणालो, "तुला काय कळतंय त्यातलं?" त्या चित्राकडे तिने आजवर ढुंकून पाहिलेलं नाही.

तेव्हापासून प्रत्येक नवमीला चादरीत गुंडाळून एस.टी.तून मी जी आणली, ती तुमची नव्हती. करमाळ्याच्या बाजूला अंबुबाई म्हणून एक विधवा आहे, तिच्या नवऱ्याने आणलेली ती. वहिनींनी तिलाच पाटावर ठेवून हळद-कुंकू वाहिलं, तांदूळ टाकले, लिंबू कापलं. आणि मी समोर बसून पुरणपोळी खाल्ली. पाच वेळा!

गेल्या वर्षी तुम्ही पात्यावरून अंगठा फिरवलात. मुठीपाशी तुमच्या तलवारीच्या धारेला एक दात, बारीकशी खाच पडलेली होती, तिथे तुमचा अंगठा थांबला. "आप्पा, हितला दात कुटं गेला?" मी पटकन म्हणालो, शिकलगाराकडून घासून घेतला. तुम्ही अंगठा उचललात आणि म्हणालात, "बरं केलंस." दादा, तेव्हा तुम्हाला कळलं होतं का? कळून तुम्ही मला जेवू घातलंत का? वर्षभर हेच डोक्यात घण घालतंय.

मुंबईला चष्म्यासाठी गेलो नव्हतो. त्या व्यापाऱ्याच्या पाया पडायला गेलो होतो. अख्खा संग्रह घे म्हणालो, उरलेल्या दहाच्या दहा तलवारी त्या चित्रासकट घे, पण ती एक आणून दे. तो हसला. जहाजाने गेली, कुठल्या देशात ते त्याच्या लक्षातही नाही.

गंजाचंही खोटं होतं. मी आधीच वाट करून ठेवत होतो. सोमवारी दुपारी अंबुबाईच्या तलवारीची मूठ काढली. आत कोरलेलं नाव होतं, पाच अक्षरं, वेगळंच. म्हटलं, हे घासून टाकू, वर मिठाचं पाणी मारू, गंज चढेल. पाहुणा इंजिनियरने वहीत उतरवलेलं नाव शोधील, सापडणार नाही, तुमच्याकडे बघेल. तुम्ही डोळ्यांनी अधू, पण खरं मानून सांगाल, "व्हय, हीच ती." आणि तो मानेल. ती ऐंशीची म्हातारी कुणा परक्याचं पातं नवऱ्याच्या फोटोपुढे ठेवून हात जोडेल. सगळं जमत होतं, दादा. कुणाला कधी कळलं नसतं.

कानस घेऊन बसलो. दोन अक्षरं गेली. तिसऱ्यावर कानस ठेवली तेव्हा दाक्षायणी दारात येऊन उभी राहिली. मी मुंबईहून आल्यापासून पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "अहो, ही पण कुणाची तरी असेल की."

मी रडलो. पन्नाशीचा घोडा, बायकोसमोर ढसाढसा रडलो. तुमच्या तलवारीचं नाव मी घालवलं, आणि ते झाकायला दुसऱ्याचंही अर्धं पुसलं. ह्याचाही मुलगा उद्या कुणाच्या दारात आला तर त्याने काय वाचायचं? मला आता झोप नाही, अन्न गोड लागत नाही. कारखान्यात गुलाब काढायला बसतो आणि चौकोन चुकतो. मेलो असतो तर बरं झालं असतं असं वाटतं, पण मेलो तर पाहुण्याला कोण सांगणार? तुम्हाला सांगावं लागेल, आणि तुम्ही माझं नाव घेणार नाही हे मला ठाऊक आहे. सगळं स्वतःवर घ्याल.

ते करू नका. तुमच्या पाया पडतो, तेवढं करू नका. तुम्ही एकोणतीस वर्षं ती वस्तू दुसऱ्याची म्हणून सांभाळलीत. माझ्यापायी तुम्ही त्या पोरासमोर खोटे पडू नका.

नवमीला पहिल्या एस.टी.ने मी येतोय. बरोबर ते बर्फाचं चित्र आणि ही अर्धी खरवडलेली तलवार. चित्र त्याने घ्यावं म्हणून आणत नाही. कशाच्या बदल्यात त्याच्या बापाची वस्तू गेली ते त्याला बघू दे. तो थुंकला तरी मी हलणार नाही. तुम्ही उंबऱ्याच्या आत घेतलं नाहीत तर अंगणात उभा राहून सांगेन.

वहिनी, तुमचं आच्छादन कुणाला देऊ नका, घडी करून ठेवा. आणि नवमीला नेहमीसारखा पाट मांडा, रांगोळी घाला, पण पाट रिकामा ठेवा. त्यावर काय असायला हवं होतं ते मी माझ्या तोंडाने सांगेन, पाहुण्यासमोर, दादांसमोर.

विजयमाला, सही पण वाच.

तुमच्या देवघरातला चोर,
वीरभद्रप्पा