सुनीलचे हातमोजे

शनिवार, ८ जानेवारी २०००, शिरूर

दिवसभर घरीच होतो. संध्याकाळी सुनीलच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचा कॅप्टन आला. उद्या दौंडला मॅच, हरले तर सीझन संपला.

"काका, सुनीलचे हातमोजे द्याल? नव्या गोलकीपरचे फाटलेत. सुनील असता तर हातबी लावू दिला नसता."

मला हसू आलं. सकाळी न्या म्हणालो. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. माझ्या पोराला जाऊन चार महिने झाले. मोज्यांवर त्याच्या शेवटच्या मॅचचा चिखल तसाच आहे, मी कुणाला झाडू दिला नाही. तसेच द्यावेत? पण वाळलेल्या चिखलानं चेंडू निसटला तर? मेलेल्याचे मोजे घातले म्हणून हरलो, असं म्हणतील.

बादलीत मोजे भिजवले. चिखल सुटला. पिळून पंख्याखाली वाळत घातले.